स्त्रियांवरील अत्याचार, फौजदारी कायदे आणि आपले कर्तव्य

(धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या मेळाव्यात महिला मंडळाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



तथागत भगवान बुद्ध, बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर, महात्मा जोतीराव फुले, सावित्रीबाई आणि माता रमाई यांच्या स्मृतीस आम्ही महिला मंडळाच्या वतीने विनम्र अभिवादन करतो.

आजचा विषय मंगल दिवशी बोलण्याचा नाही, असे आमच्यातल्याच काही भगिनींचे म्हणणे पडले. परंतु ज्या दिवशी बाबासाहेबांनी आपल्याला माणूस म्हणून उभे केले, त्याच दिवशी आपल्या निम्म्या समाजाच्या देहाचा आणि मानाचा प्रश्न बोलायचा नाही, तर मग कधी बोलायचा? २० जुलै १९४२ रोजी नागपूरला भरलेल्या दलित महिला परिषदेत बाबासाहेबांनी समाजाची प्रगती त्या समाजातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजायची, हा दंडक घालून दिला. हिंदू कोड बिल अडवले गेले तेव्हा १९५१ साली त्यांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यामागे इतरही कारणे होती, पण हे एक मोठे कारण होते. स्त्रियांच्या कायद्यासाठी खुर्ची सोडणाऱ्या महामानवाचे आपण अनुयायी आहोत. तेव्हा तो कायदा आज काय सांगतो, हे आपल्याला ठाऊक असायलाच हवे.

सुरुवात विनयपिटकातल्या एका प्रसंगाने करू. उप्पलवण्णा ही बुद्धांच्या अग्रगण्य भिक्षुणींपैकी एक. ती भिक्षेला गेलेली असताना तिच्यावर डोळा ठेवून असलेला एक तरुण तिच्या कुटीत शिरून लपून बसला. ती परत आली, पाय धुऊन आत जाऊन बसली आणि त्याने तिच्यावर बळजबरी केली. तिने ही गोष्ट लपवली नाही. तिने ती भिक्षुणींना सांगितली, भिक्षुणींनी भिक्षूंना सांगितली, भिक्षूंनी तथागतांच्या कानी घातली. तथागतांनी निर्णय दिला, की जिची संमती नव्हती तिच्याकडे कोणताही दोष येत नाही. ती कशी चालत होती, एकटी का राहत होती, ओरडली का नाही, हे निर्णयाचे निकष झाले नाहीत. संमती होती की नव्हती, एवढेच पाहिले गेले.

हा प्रसंग अडीच हजार वर्षांपूर्वीचा. आता आपल्याच विदर्भातली १९७२ सालची गोष्ट ऐका.

देसाईगंजची ती मुलगी

देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते, आज गडचिरोली जिल्ह्यात आहे. मार्च १९७२ मध्ये एक आदिवासी मुलगी घरच्या तक्रारीच्या निमित्ताने रात्री तिथल्या पोलीस ठाण्यात गेली. ती वयाने १४ ते १६ वर्षांची असावी. बाकीच्यांना बाहेर पाठवून तिला आत थांबवून घेतले गेले, आणि तिथल्याच दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची तिची तक्रार होती. सत्र न्यायालयाने १९७४ साली पोलिसांना सोडून दिले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ साली त्यांना शिक्षा दिली आणि भीतीने गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, हा भेद स्पष्ट केला. पण १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा दोघांना निर्दोष ठरवले. तिच्या अंगावर जखमांच्या खुणा नव्हत्या, तिने आरडाओरडा केला नव्हता, म्हणून संमती असावी, असे मानले गेले. ज्या चार भिंतींत पोलीसच मालक, तिथे एका गरीब मुलीने कोणाला हाक मारायची होती, हा प्रश्न निकालाने विचारला नाही.

तो प्रश्न उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या प्राध्यापकांनी १९७९ साली सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून विचारला. मुंबईपासून दिल्लीपर्यंत स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ साली फौजदारी कायदा बदलला. पोलीस, तुरुंगाधिकारी, रुग्णालयातील अधिकारी यांच्या ताब्यात असलेल्या स्त्रीवरील बलात्कार हा वेगळा आणि अधिक गंभीर गुन्हा ठरला. अशा खटल्यात संबंध झाल्याचे सिद्ध झाले आणि स्त्रीने "माझी संमती नव्हती" असे न्यायालयात सांगितले, तर न्यायालयाने ती नव्हती असेच धरून चालायचे, हा नियम आला. खटला बंद दाराआड चालवायचा आणि पीडितेचे नाव छापायचे नाही, हेही तेव्हाच ठरले. म्हणूनच या व्यासपीठावरून आम्ही त्या मुलीचे नाव घेत नाही. तिला स्वतःला न्याय मिळाला नाही, पण तिच्यामुळे पुढच्या लेकींना कायदा मिळाला.

कायदा कसा वाढत गेला

कायदा सरकारने आपण होऊन दिला, असे फार थोड्या वेळा घडले आहे. प्रत्येक कलमाच्या मागे कोणा ना कोणा बाईचे दुःख आहे. हुंड्यासाठी सुना जळू लागल्या, मोर्चे निघाले, तेव्हा १९८३ साली पती आणि सासरच्यांच्या क्रूरतेचे कलम ४९८-अ आले आणि १९८६ साली हुंडाबळीचे कलम ३०४-ब आले. राजस्थानात भटेरी गावी बालविवाह रोखू पाहणाऱ्या एका साथिनीवर १९९२ साली सामूहिक अत्याचार झाला. त्यानंतर झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली विशाखा निकाल दिला आणि त्यातूनच पुढे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा झाला. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत धावत्या बसमधील अत्याचाराने देश हादरला, न्यायमूर्ती वर्मा समिती बसली आणि २०१३ साली बलात्काराची व्याख्या रुंदावली. स्त्रीने अंगाने प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती मानता येणार नाही, हे त्या वर्षी कलमात लिहिले गेले. उप्पलवण्णेच्या बाबतीत जे सांगितले गेले होते, ते आपल्या दंडविधानात स्पष्ट शब्दांत यायला २०१३ साल उजाडले.

१ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आहे. त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनीच कलमे लागतात. नवे आकडे विद्यार्थ्यांनी वहीत उतरून घ्यावेत. बलात्काराची व्याख्या कलम ६३ मध्ये आणि शिक्षा ६४ मध्ये आहे. ती किमान १० वर्षे सक्तमजुरी, जन्मठेपेपर्यंत. मुलगी १६ वर्षांखालील असेल तर किमान २० वर्षे. सामूहिक बलात्कार कलम ७०. विनयभंगासाठी बळाचा वापर कलम ७४, लैंगिक छळ ७५, विवस्त्र करणे ७६, चोरून पाहणे किंवा चित्रण करणे ७७, पाठलाग ७८, अश्लील शब्द व हावभाव ७९. हुंडाबळी कलम ८०, पती व सासरच्यांची क्रूरता ८५, ॲसिड हल्ला १२४.

तरुण मुलांनी पाठलागाचे कलम नीट वाचावे. मुलीने नको म्हटल्यावरही पुन्हा पुन्हा मागे जाणे, फोन करणे, मोबाईलवर निरोप धाडत राहणे हा चित्रपटात प्रेमाचा प्रकार असेल, कायद्यात तो गुन्हा आहे. पहिल्यांदा ३ वर्षांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. १८ वर्षांवरील पत्नीवर पतीने केलेली बळजबरी आजही आपल्या कायद्यात बलात्कार ठरत नाही. लग्न म्हणजे कायमची संमती, ही जुनी समजूत तेवढी शिल्लक राहिली आहे. मात्र अशा स्त्रीला क्रूरतेच्या कलमाचा आणि कौटुंबिक हिंसाचार कायद्याचा आधार घेता येतो.

घराच्या आतली हिंसा

आम्हाला आता जे सांगायचे आहे ते सांगताना मान खाली जाते, पण सांगतो. काही वर्षांपूर्वी आपल्या वस्तीतली एक लेक सासरहून मार खाऊन माहेरी आली. तिचा नवरा आपल्याच समाजातला, शिकलेला, जयंतीच्या मिरवणुकीत पुढे असणारा. बैठक याच विहारात बसली. आम्ही महिला मंडळाच्याही पाच-सहा जणी त्या बैठकीत होतो. "संसार आहे, भांड्याला भांडं लागतंच," असे आमच्यातल्याच एकीने म्हटले आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. नवऱ्याने बुद्धमूर्तीपुढे हात जोडून शब्द दिला. लेक परत गेली. आठ महिन्यांनी ती पुन्हा आली तेव्हा तिचा हात प्लास्टरमध्ये होता. आम्ही भेटायला गेलो तर ती एवढेच म्हणाली, "मावशी, त्या दिवशी तुम्ही सगळ्या होता ना!"

त्या वाक्याला आमच्यापाशी उत्तर नव्हते आणि आजही नाही. ज्या विहारात आपण अत्त दीप भव म्हणतो, तिथेच आम्ही एका लेकीचा दिवा विझवायला मदत केली. या भाषणाचे कारण ते वाक्य आहे.

आणि ही एकट्या आपल्या वस्तीची गोष्ट नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात स्त्रियांवरील गुन्ह्यांची ४,४५,२५६ प्रकरणे नोंदली आहेत आणि त्यांतील सर्वांत मोठा वाटा, जवळजवळ ३१ टक्के, पती आणि नातेवाइकांच्या क्रूरतेचा आहे. जे नोंदलेच गेले नाही ते वेगळे. म्हणजे बाईला अंधाऱ्या रस्त्याइतकीच स्वतःच्या घराचीही भीती आहे.

अशा वेळी दोन वाटा असतात आणि दोन्ही एकदम चालता येतात. एक फौजदारी, म्हणजे कलम ८५ खाली गुन्हा. शिक्षा ३ वर्षांपर्यंत. क्रूरता म्हणजे केवळ मारहाण नव्हे, जिवाला किंवा मनाला गंभीर इजा होईल अशी वागणूक आणि पैशांच्या मागणीसाठी छळ, हेही त्यात येते. दुसरी वाट २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याची. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. नवऱ्याला तुरुंगात धाडायचे नसेल, पण मार थांबायला हवा, डोक्यावर छप्पर हवे, मुलांचा खर्च हवा, असे म्हणणारी बाई संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा थेट दंडाधिकाऱ्याकडे जाऊ शकते. घर कोणाच्याही नावावर असो, राहत्या घरातून तिला कायदेशीर मार्गाशिवाय हुसकता येत नाही. संरक्षण आदेश मिळाल्यावर तो मोडला तर मात्र तो गुन्हा होतो आणि वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते.

"या कायद्यांचा गैरवापर होतो" असे बंधुवर्गातून नेहमी ऐकू येते. खोटी तक्रार कोणीही करू नये, आणि ती केली तर त्यालाही कायद्यात उपाय आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा प्रकरणांत तपासाआधी सरसकट अटक करू नये, असे पोलिसांना बजावले आहे. परंतु मुसावादा वेरमणी हे शील जसे तक्रार करणारीला लागू आहे, तसेच मारून "मी हात लावला नाही" म्हणणाऱ्यालाही लागू आहे. एखादी तक्रार खोटी निघाली म्हणून शंभर खऱ्या जखमांवर पट्टी बांधायची नाही, असे होत नाही.

ॲट्रॉसिटीचा कायदा आणि आपण

आपल्या स्त्रियांवर दोन ओझी आहेत, एक बाईपणाचे आणि दुसरे जातीचे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ साली झाला आणि २०१६ पासून अधिक कडक झाला. आपल्या स्त्रीला तिच्या संमतीवाचून वाईट हेतूने स्पर्श करणे किंवा लैंगिक स्वरूपाचे शब्द, हावभाव करणे हा या कायद्याखाली स्वतंत्र गुन्हा आहे. ती अनुसूचित जातीची आहे हे ठाऊक असून बलात्कारासारखा गुन्हा केला, तर शिक्षा जन्मठेपेची. अटकपूर्व जामिनाला मनाई आहे. गुन्हा नोंदण्याआधी प्राथमिक चौकशीची अट पोलिसांना घालता येत नाही. बलात्काराच्या गुन्ह्यात पीडितेला ५ लाख रुपयांचे साहाय्य मिळण्याची तरतूद नियमांत आहे. त्यातील निम्मी रक्कम वैद्यकीय तपासणी व अहवालानंतरच द्यायची असते.

"आम्ही बौद्ध झालो, आता हा कायदा आम्हाला कसा लागेल?" असे काही जण विचारतात. १९९० साली घटनेच्या अनुसूचित जाती आदेशात दुरुस्ती झाली आणि बौद्ध धम्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींच्या लोकांनाही तो दर्जा मिळाला. म्हणून मुलींचे जातीचे दाखले वेळेत काढून ठेवा. संकट आल्यावर तहसील कचेरीत धावाधाव करण्याची पाळी येऊ नये.

खैरलांजी आपण विसरलो नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील त्या गावी एका बौद्ध कुटुंबातील चौघांची हत्या झाली, त्यात आई आणि मुलगी होती. २००८ साली विशेष न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, सहा जणांना फाशी सुनावली, पण ॲट्रॉसिटी कायद्याखालील आणि विनयभंगाचे आरोप टिकले नाहीत. २०१० साली नागपूर खंडपीठाने फाशीचे रूपांतर कैदेत केले. आरोप टिकतो तो पुराव्यावर. पहिल्या काही तासांत कागदावर काय आले, यावर पुढची कित्येक वर्षे ठरतात, हा धडा आपण त्यातून घ्यायचा आहे.

आणखी एक गोष्ट. गुन्हेगार आपल्यातलाच असेल तर ॲट्रॉसिटी कायदा लागत नाही. पण बाकी सगळा फौजदारी कायदा पुरेपूर लागतो. परक्याने केले तर मोर्चा आणि आपल्याने केले तर समझोता, हा दुटप्पीपणा धम्मात बसत नाही.

लेकरांविषयी

१८ वर्षांखालील मुलगा असो वा मुलगी, त्यांच्यासाठी २०१२ चा पोक्सो कायदा आहे. तिथे संमतीचा प्रश्नच येत नाही. गुन्हा ठाऊक असून जो पोलिसांना कळवत नाही, त्यालाही शिक्षा आहे. तेव्हा "घरातलीच गोष्ट आहे" म्हणून झाकणारा स्वतः कायद्यात सापडतो. लेकरू सांगेल तेव्हा त्याला रागावू नका, दहा वेळा विचारू नका. "तू सांगितलंस ते बरं केलंस" एवढे म्हणा.

पोलीस ठाण्याची पायरी

बाईला कायद्यापेक्षा ठाण्याच्या पायरीची भीती जास्त वाटते. म्हणून तिथले हक्क पाठ करा. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडो, कोणत्याही ठाण्यात नोंद करता येते; "ते आमच्या हद्दीत नाही" हे उत्तर चालत नाही. लैंगिक गुन्ह्यातील तक्रार महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायची. प्रथम खबरेची प्रत फुकट मिळते. ती वाचल्याशिवाय, किंवा वाचून घेतल्याशिवाय सही-अंगठा करू नका. ठाण्यात दाद लागली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जा. बलात्कार, विनयभंगासारखा गुन्हा नोंदवण्यास नकार देणाऱ्या अधिकाऱ्याला किमान ६ महिन्यांची कैद होऊ शकते.

अत्याचार झाला असेल तर जमल्यास तपासणीपूर्वी आंघोळ करू नये, अंगावरचे कपडे धुऊ नयेत, ते कागदात गुंडाळून द्यावेत. कोणत्याही सरकारी वा खाजगी रुग्णालयाने प्रथमोपचार फुकट दिलेच पाहिजेत. वैद्यकीय तपासणी तिच्या संमतीने आणि खबर मिळाल्यापासून २४ तासांत व्हायची असते. तिच्या पूर्वायुष्याचा न्यायाशी संबंध नाही. अपमानकारक दोन बोटांची चाचणी करणाऱ्याला सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली गैरवर्तनाचा दोषी ठरवले आहे. आणि उशीर झाला म्हणून दार बंद होत नाही. उशिराचे खरे कारण सांगा, पण तक्रार द्या.

वकिलाच्या फीची चिंता नको. १९८७ च्या कायद्याने प्रत्येक स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. तातडीसाठी ११२, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, जातीय अत्याचारासाठी १४५६६ आणि कायदेशीर मदतीसाठी १५१०० हे दूरध्वनी क्रमांक आज विहाराच्या फलकावर लिहिले आहेत. जाताना टिपून घ्या.

आमचा ठराव

बंधू-भगिनींनो, कायदा हे हत्यार आहे आणि ते आपल्या हातात दिलेले आहे. पण ज्या बाईच्या मागे कोणी उभे नाही, तिच्या हातून ते गळून पडते. म्हणून महिला मंडळाने चार गोष्टी ठरवल्या आहेत आणि आज सर्वांसमक्ष सांगत आहोत.

मारहाण किंवा लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत या विहारात समझोत्याची बैठक यापुढे बसणार नाही. तक्रार द्यायला जाणाऱ्या कोणत्याही लेकीबरोबर मंडळाच्या दोघी जणी, रात्र असो वा दिवस, ठाण्यापर्यंत जातील. दर महिन्याच्या पौर्णिमेला धम्मवंदनेनंतर अर्धा तास कायद्याचे वाचन होईल. आणि त्या वाचनाला मुलांनाही बसवले जाईल. कामेसु मिच्छाचारा वेरमणी हे शील मुली जितक्या मोठ्याने म्हणतात, तितक्याच मोठ्याने मुलांनी म्हणायचे आहे आणि पाळायचे आहे.

उप्पलवण्णेने आपले दुःख सांगितले तेव्हा भिक्षुणींनी ते ऐकून घेतले आणि पुढे नेले. त्यांनी तिला गप्प बसवले असते, तर तथागतांचा तो निर्णय आपल्यापर्यंत आलाच नसता. आमच्या लेकीने आम्हाला सांगितले, तेव्हा आम्ही तिला परत पाठवले. ही चूक या विहारात पुन्हा होऊ नये, एवढेच मागणे आम्ही आज तुमच्याकडे मागतो.

नमो बुद्धाय! जय भीम!